बारा डझन टॉवेलांवर एक वाद्य

त्यांच्याकडून वाद्य विकत घ्यायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे.

घराच्या पुढच्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं. गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, वाद्यातून निघालेल्या सुरात आपला सूर लावायचा आणि ते पंधरापर्यंत मोजेस्तोवर तो हलू द्यायचा नाही. आकडे ते तेलुगूत मोजत. ओकटि, रेंडु, मूडु. घरात मराठी बोलत, बाजारात मराठी बोलत, शिव्याही मराठीतच देत. मोजणी मात्र तेलुगूत. आजोबा मागावर धागे तसेच मोजत, एवढंच कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. सूर सातव्या-आठव्या आकड्याला डगमगला की ते वाद्य बंद करत आणि म्हणत, "अजून सहा महिने पेटीवर घासा. मग या."

सहा महिन्यांनी परत आलेला माणूस मी पाहिला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. मी एका दैनिकात बातमीदार होतो. काम दुपारनंतर सुरू होई, त्यामुळे सकाळी खालच्या खोलीत काय चालतं ते मला दिसे. मी त्यांना मालक म्हणत असे.

मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांमध्ये जेकार्डची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करत. टॉवेलावर फूल किंवा मोर उमटतो तो या कार्डाच्या हुकमावर. कार्ड बिघडलं की मोराची मान तुटते आणि माग थांबतो. त्यांच्यासाठी कारखान्यातून मोटारसायकल यायची. ते कार्ड उघडत, आधी त्याचा वास घेत आणि मगच मीटर लावत. बहुतेक वेळा वासानंच काम भागे.

कानाच्या बाबतीत ते त्रासदायक होते. वरच्या खोलीतला पंखा सुरात फिरत नाही म्हणून त्यांनी मला न विचारता रेग्युलेटर बदलला. गल्लीत येणाऱ्या दुधाच्या टेम्पोचा हॉर्न त्यांनी एका सकाळी बॉनेट उघडून दुरुस्त केला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, वाजत होता की!" ते म्हणाले, "वाजत होता, पण पावणेपाचात वाजत होता. आता काळी पाचात वाजेल." ड्रायव्हरला त्यातलं काही समजलं नाही. टेम्पो नंतर दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागला.

वाद्य त्यांनी सतरा वर्षं खपून केलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात जेवढा भरतो तेवढी सागवानी पेटी. वरच्या बाजूला सलग काळी गुळगुळीत पट्टी. पट्टीवर बोट ठेवलं की सूर निघे, बोट सरकवलं की सूर सरके. डाव्या टोकाला तळव्यानं दाबायची एक फळी होती. जितकं दाबावं तितका आवाज भरे, सोडलं की विरे. आवाज सारंगीच्या जवळचा होता, पण सारंगीचा नव्हता. एक बटण दाबून आपला सा गायला की सगळी पट्टी त्या सा वर बसे. हार्मोनियमच्या पेटीवर बाईमाणसाचा गळा दोन स्वरांच्या मध्ये अडकला तर तिला वर तरी चढावं लागतं किंवा खाली तरी उतरावं लागतं. इथे वाद्यच तिच्याकडे येत असे.

वाद्य चांगलं होतं. हे माझं मत नाही, मला त्यातलं कळत नाही. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ एकदा आले होते. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, सावकाश वर नेलं, खाली आणलं आणि पुन्हा एकदा वर नेलं. मग म्हणाले, "आयुष्यभर जे पेटीतून काढायला बघितलं, ते ह्यात हाय की हो." त्यांना वाद्य लगेच हवं होतं. मालकांनी त्यांना स्टुलावर बसवलं. गृहस्थ पेटी वाजवत, गात नव्हते. वयानं आवाज कापत होता. ते पाचव्या आकड्यालाच डगमगले. मालकांनी वाद्य बंद केलं.

परीक्षा गळ्याची होती आणि वाद्य हाताचं होतं. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "ज्याच्या गळ्यात सूर नाही त्याच्या बोटात कुठून येणार?" स्वतः मालकांना गाता येत नव्हतं. वाद्यही ते फक्त सूर तपासण्यापुरतं वाजवत.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी लपवलं नाही. "मला गिऱ्हाईक नको, वाजवणारा पाहिजे," ते म्हणत. "बनवणाऱ्यानं वाजवलं तर ते टेस्टिंग. दुसऱ्या कुणी वाजवलं तर ते वाद्य. तोपर्यंत ही नुसती पेटी आहे." अशा साठ पेट्या त्यांनी मागच्या खोलीत करून ठेवल्या होत्या.

वाद्याला नाव नव्हतं. पेटीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. "चादरीवर विणकराचं नाव असतं का?" ते विचारत. कारखान्याचं असतं, असं मी म्हणालो. त्यावर ते चादरीच्या विषयात शिरले. सोलापूरच्या चादरीची कुणी कधी जाहिरात केली नाही, लोक बोटांनी पोत बघून घेत आले, चांगल्या मालाला तोंड लागत नाही, वगैरे. मी त्याच आठवड्यात बंद पडलेल्या चादर कारखान्यांची बातमी दिली होती. बाहेरगावी विणलेली चादर आपल्या गावाच्या नावानं आपल्याच बसस्टँडवर विकली जात होती. ती बातमी त्यांनी वाचली होती. त्यांचं मत बदललं नाही.

नाव नसल्याची अडचण त्यांच्या मेव्हण्याला सगळ्यात जास्त होती. मेव्हणा टॉवेलांचा व्यापारी. जिल्हाभरच्या कापड दुकानांत त्याचा माल जाई. माणूस बोलका, घाईचा आणि बहिणीच्या नवऱ्याबद्दल मनापासून माया असलेला. वाद्य खपावं म्हणून त्यानं जेवढी धावपळ केली तेवढी दुसऱ्या कुणी केली नाही. एकदा त्यानं पुण्याच्या वाद्यविक्रेत्याला घरी आणलं. विक्रेत्यानं वाद्य ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "यात रिदम नाही का? तबला, ढोलकी, असं काही?"

"नाही," मालक म्हणाले.

"टाकता येईल?"

"तुमच्या तोंडात टाकता येईल."

मेव्हणा त्याला स्टेशनवर सोडून परत आला तो तसाच खालच्या खोलीत उभा राहिला. "बावा, काय करायलाव तुमी? तो वीस नग घेणार होता."

"वीस नग घेऊन वीस जणांना चुकीचं शिकवणार होता."

"मग व्हिडिओ काढू. फोनवर टाकू. जग बघेल की."

"फोनच्या भोंग्यातून सूर कळतो का?"

तरी एकदा मेव्हण्यानं त्यांना प्रदर्शनाला बसवलंच. मंगल कार्यालयात लघुउद्योजकांचं चार दिवसांचं प्रदर्शन होतं. मी बातमीसाठी गेलो. शेजारच्या गाळ्यावर पापड लाटायच्या यंत्राचा विक्रेता माईकवर ओरडत होता आणि दर दहा मिनिटांनी लोकांना गरम पापड वाटत होता. मालकांचं वाद्य काचेच्या कपाटात होतं. कपाटावर त्यांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी होती: कृपया हात लावू नये. ते कपाटाशेजारी कानात कापूस घालून बसले होते. पापडवाल्याच्या माईकमध्ये शिट्टी येत होती, ती त्यांना सोसवत नव्हती.

एक बाई थांबल्या. "काय आहे हो हे?"

"वाद्य."

"वाजवून दाखवा की."

"इथे?" मालक म्हणाले आणि पापडवाल्याकडे बघितलं.

बाई पुढे जाऊन पापड खाऊ लागल्या. चार दिवसांत एक नग गेला नाही. शेवटच्या दिवशी मालकांनी पापडवाल्याचा माईक दुरुस्त करून दिला.

पुढच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी नवरा-बायको हैदराबादला जाणार होते. आधी मालक गेले. बायको आठवडाभर मागे राहिली. दिवाळी जवळ आली होती. मेव्हणा दर दिवाळीला दुकानदारांना स्कीम देई: इतक्या डझन टॉवेलांवर भिंतीवरचं घड्याळ, इतक्यांवर कॅसरोल. त्या वर्षी घड्याळं वेळेवर आली नाहीत. त्यानं बहिणीकडे मागच्या खोलीची किल्ली मागितली. बहिणीनं दिली. "धूळ खात पडल्यात. कुणाच्या तरी घरात वाजतील तरी," ती मला म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं सतरा वर्षं ती खोली झाडली होती.

मेव्हणा वर माझ्याकडे आला. "पेपरवाले, खोक्यावर चिकटवायला चार ओळी लिहून द्या. लोकांना समजलं पाहिजे, काय आहे ते."

मी दहा मिनिटांत लिहून दिलं. 'घरबसल्या संगीत. लहान मुलांसाठी उत्तम भेट. शिकण्याची गरज नाही.' तीन वाक्यं होती आणि तिन्ही खोटी होती. कापड दुकानदाराला काय कळेल याचा विचार करून मी ती लिहिली, आणि त्या विचारात मी चुकलो नव्हतो. बारा डझन टॉवेलांवर एक वाद्य मोफत, हे मोठ्या अक्षरात मेव्हण्यानं स्वतः घातलं. आठ दिवसांत साठच्या साठ पेट्या गेल्या.

चार्जर गेले नाहीत. ते एका पोत्यात वेगळे भरून ठेवले होते आणि पोतं दाराच्या मागं होतं. पेट्या मुळात जेवढ्या चार्ज होत्या तेवढ्या वाजल्या. कुठे एक दिवस, कुठे दोन.

मालक परत आले, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि आत गेले. मी जिन्यात होतो. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

त्यांनी ती पुन्हा वाचली. "शिकण्याची गरज नाही," ते म्हणाले. "मराठी चांगलं आहे तुमचं." मग चार्जरचं पोतं उचलून त्यांनी पुढच्या खोलीत आणून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मेव्हण्याशी ते भांडले नाहीत. तो आला की त्या पोत्यावर बसायला सांगत.

वर्षभरानं एका कामासाठी वळसंगला गेलो होतो. तिथल्या कापड दुकानात शटर घसरू नये म्हणून खाली एक सागवानी पेटी उभी लावली होती. काळी पट्टी रस्त्याच्या बाजूला होती. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ते व्हय? खेळणं हाय. सेल गेल्यात त्येचं. पर लाकूड लई दणकट." हे मी मालकांना सांगितलं नाही.

पाण्याच्या टाकीच्या बातमीसाठी करकंबला गेलो त्याला आता तीन वर्षं झाली. टाकीसमोर पिठाची गिरणी होती. गिरणी बंद होती आणि आतून तो आवाज येत होता. नऊ वर्षं वरच्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. पण असा मी तो कधी ऐकला नव्हता.

पन्नाशीची एक बाई दळणाच्या डब्यांमध्ये बसली होती. पेटी तिनं आडवी ठेवली नव्हती. ती मांडीवर उभी करून, लेकरू घ्यावं तशी डाव्या खांद्याला टेकवली होती. दाबायची फळी खाली मांडीवर आली होती. ती अंगानं किंचित पुढे झुकली की आवाज भरत होता, मागं झाली की विरत होता. बोटं पट्टीवरून वर-खाली जात होती आणि सोबत ती हळू आवाजात गात होती. गळा आणि वाद्य वेगळं काढता येत नव्हतं.

"मावशी, हे कुठं मिळालं?" मी विचारलं.

"भाच्याचं कापडाचं दुकान हाय. टॉवेलावर फुकट आलं हुतं. बंद पडलं म्हनून टाकून देत हुता. म्या म्हनलं, दे हिकडं. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडनं वायर बसवून घेतली."

"शिकवलं कुणी?"

"कोन शिकवतंय? दळण यायची वाट बघत बसायचं, तवर हात रिकामाच की." मग तिनं पट्टीच्या मधल्या भागावर बोट ठेवलं. तिथं खरखर येत होती. "पीठ गेलंय आत. ह्ये बनवनारं कुटं असत्यात, ठावं हाय का?"

ठाऊक होतं. पुढच्या रविवारी मीच तिला सोलापूर स्टँडवरून घरी नेलं. तिला न्यायला नको होतं असं आज म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी मला वाटलं, मी एक जुनी चूक दुरुस्त करतोय.

मालकांनी तिला स्टुलावर बसवलं. परीक्षेचं काही बोलायच्या आत तिनं पेटी खांद्याला टेकवून वाजवायला सुरुवात केली. तिच्या आईच्या तोंडच्या, जात्यावरच्या काही ओळी होत्या. मालक उभे होते, ते खाली बसले. त्यांनी मोजलं नाही. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात थांबली. वाजवणं संपल्यावर मालकांनी पेटी घ्यायला हात पुढे केला आणि ती बाई घाबरली. "खरखर आली का लई, अण्णा?"

मालकांनी पट्टी खोलली, स्पिरिटनं पुसली, पीठ काढलं आणि पुन्हा बसवली. मग वाद्य तिच्या हातात न देता त्यांनी ते समोरच्या टेबलावर आडवं ठेवलं.

"असं ठेवायचं. डावा तळवा इथं. उजव्या हाताची दोन बोटं इथं."

"मालक," मी म्हणालो, "त्या छान वाजवतायत की."

"छान आहे. पण चूक आहे." ते माझ्याकडे न बघता बोलले. "हिचं बघून पुढचा शिकणार. पहिल्याच हातात चूक बसली तर ती कायमची."

पुढचा कुणी नव्हता. पेट्याही नव्हत्या. हे मालकांनाही माहीत होतं.

बाईनं तळवा सांगितल्या जागी ठेवला. सूर तुटक निघाला. ती ओशाळून हसली. "इतकी वरसं उलटंच धरलं की म्या."

"तुम्हाला जमतंय ते सोडू नका," मी तिला परत जाताना स्टँडवर सांगितलं.

"आसं कसं?" ती म्हणाली. "ज्येनं बनवलं त्येलाच म्हाईत आसनार की."

ती सलग सहा रविवार एसटीनं आली. मालक तिच्यासाठी दाढी करून बसत. सहाव्या रविवारी त्यांनी तिला सांगितलं की आता यायची गरज नाही. त्या दुपारी ते जिना चढून वर आले, नुसतं माझ्याशी बोलायला म्हणून पहिल्यांदाच. "पंधरापर्यंत हलत नाही आता," ते म्हणाले. "एक तरी नीट वाजवणारी तयार झाली." मी त्यांना इतकं समाधानी आधी पाहिलं नव्हतं.

काही महिन्यांनी करकंबला जाणं झालं. गिरणीत दळणाच्या डब्यांशेजारी सुताराकडून करून घेतलेलं छोटं टेबल होतं. टेबलावर वाद्य होतं आणि त्यावर टॉवेल घातला होता. माझ्या आग्रहाखातर बाईनं वाजवलं. सूर स्वच्छ होते. एक संपला की दुसरा येत होता. ती गात नव्हती. गाताना तळव्याकडे लक्ष राहत नाही, म्हणाली.

"खांद्याला लावून वाजवा की, पहिल्यासारखं," मी म्हणालो.

"बघितलं लावून." तिनं टॉवेल पुन्हा वर ओढला. "न्हाय जमत. आता हाताला कळलंय की त्ये चूक हाय."

एक पोरगी दळण घेऊन आली आणि बाईनं उठून गिरणी सुरू केली.

संध्याकाळी मालक फाटकात उभे होते. करकंबला गेलो होतो हे त्यांना कळलं होतं.

"वाजवते का?"

"वाजवतात."

"टेबलावर ठेवून?"

मी हो म्हणालो. ते खरं होतं.